शिंक आली की पाय का जुळतात

वऱ्हाडाची बस पहाटे निघते. चहाचे कप फिरू लागतात, तेव्हा एक बाई आपला कप शेजारणीकडे सरकवतात. "नको गं, प्रवासात मी काही घेत नाही." चढण्याआधी त्या दोनदा बाथरूमला जाऊन आलेल्या असतात. दाराजवळची जागा त्यांनी पिशवी ठेवून आधीच धरलेली असते. गाडीत भेंड्या रंगतात, कुणी नक्कल करतं, सगळे पोट धरून हसतात. त्याही हसतात, पण मांड्या घट्ट आवळून. धाब्यावर गाडी थांबली की सगळ्यांत आधी उतरणाऱ्या त्याच. घरच्यांनी याला त्यांचा स्वभाव ठरवून टाकलेलं असतं. "तिचं प्रवासात तसंच असतं, पाण्याचा घोट घ्यायची नाही."

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं दुखणं ओळखायचं असेल, तर अशा 'स्वभावां'कडे बघावं लागतं. या दुखण्यात ताप येत नाही, सूज दिसत नाही, बहुतेकदा ठणकाही नसतो. माणूस त्याच्याभोवती दिवसाची मांडणी बदलत जातो: पाणी कमी, साडी गडद रंगाची, पर्समध्ये जादा कपडा, नातवंडाला उचलून घ्यायचं टाळणं, झुंबा सोडून देणं, नाटकाला कडेची खुर्ची. एकेक बदल इतका किरकोळ असतो की त्याला कुणी लक्षण म्हणत नाही. दहा वर्षांनी डॉक्टरांनी "त्रास कधीपासून?" असं विचारलं, तर खरंच आठवत नाही.

आधी हा तळ म्हणजे काय ते पाहू. नऊवारीचा काष्टा जसा पुढून दोन पायांमधून मागे जाऊन कमरेत खोचला जातो, तसे हे स्नायू पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत गेलेले असतात. पसरट, झोळीसारखे. त्या झोळीत मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय विसावलेले असतात. स्त्रियांमध्ये या झोळीतून तीन वाटा बाहेर पडतात आणि पुरुषांमध्ये दोन. वाटा बंद ठेवायच्या, वेळ आली की सैल सोडायच्या, आणि वरचं वजन दिवसभर पेलायचं, असं तिहेरी काम हे स्नायू करतात. झोपेतही त्यांना पूर्ण सुट्टी नसते.

त्यांचा श्वासाशी संबंध आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. श्वास घेतला की वरचं श्वासपटल खाली येतं आणि त्याबरोबर हा तळही किंचित खाली जातो. सोडला की दोन्ही वर. पोटाची पोकळी ही चहूबाजूंनी बंद डब्यासारखी आहे. वर श्वासपटल, भोवती पोटाचे आणि पाठीचे स्नायू, खाली हा तळ. खोकला, शिंक, हसू, भरलेली बादली उचलणं, या प्रत्येक वेळी डब्यातला दाब एकदम वाढतो. निरोगी तळ त्या क्षणाच्या किंचित आधीच आपसूक आवळला जातो. हे आवळणं उशिरा झालं किंवा कमी पडलं, की लघवीचे थेंब निसटतात. मग जे काम तळाने करायचं ते मांड्या करू लागतात. शिंक येताना पाय जुळतात ते याचमुळे. ही लकब कुणाला शिकवावी लागत नाही. शरीर ती स्वतःच शोधून काढतं.

लघवी निसटणं हे सगळ्यांत ठळक लक्षण, पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे करता आले पाहिजेत, कारण उपाय वेगळे आहेत. एकात दाबाने निसटते: खोकला, शिंक, उडी, जिना उतरणं. घाई वाटत नाही, थेंब आधी येतात. दुसऱ्यात आधी घाई येते, तीही अशी की थांबणंच अशक्य. दाराच्या कुलपात किल्ली घालताना, नळाचा आवाज आल्यावर, भांडी घासताना हात गार पाण्यात गेल्यावर. इथे गडबड प्रामुख्याने मूत्राशयाच्या आकुंचनाची असते. तळाकडून मिळायचा लगाम ढिला पडलेला असतो. पुष्कळ बायकांना दोन्ही असतात, आणि मग त्या डॉक्टरांना फक्त "लघवीचा त्रास आहे" एवढंच सांगतात. लघवीची तपासणी होते, जंतू सापडत नाहीत, 'रिपोर्ट नॉर्मल' घेऊन त्या घरी येतात.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. दिवसात सात-आठ वेळा जाणं आणि रात्री एखाद्या वेळी उठणं हे सर्वसाधारण मानतात. पण 'बाहेर पडतेय तर जाऊन येते' ही सवय रोज, प्रत्येक वेळी लावली, तर अर्धवट भरलेलं मूत्राशयही भरल्यासारखं ओरडू लागतं. पाणी तोडल्याने प्रश्न सुटत नाही. लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरवते आणि घाई वाढते. शिवाय बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं आणि तळावर ताण येतो. बसमधल्या बाईंचा उपाय त्यांच्या दुखण्याला खतपाणी घालत असतो.

यात सगळा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. बाहेर स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसेल तर बाई पाणी पिणार नाही, हे उघड आहे. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती याच अडचणीतून. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, ही तिची एक ठळक तक्रार होती. शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून घरी येईपर्यंत लघवी दाबून ठेवणाऱ्या मुली तर आपल्या घराघरांत आहेत. आणि घाणीच्या भीतीने कमोडवर न टेकता अधांतरी बसणं ही आणखी एक शहरी सवय. तसं बसल्यावर मांड्या, कुल्ले, तळ सगळं ताठ राहतं, मूत्राशय धड रिकामं होत नाही, आणि अर्ध्या तासात पुन्हा जावंसं वाटतं.

दुसरं लक्षण बोलायला अधिक जड. मराठीत त्याला शब्द आहेत, पण ते आवाज खाली आणून वापरले जातात: 'अंग बाहेर येतं', 'पिशवी खाली आलीय', 'खाली काहीतरी लागतं'. झोळी सैल झाली की मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशयाची भिंत योनीमार्गात उतरू लागते. सुरुवातीला दिसण्यासारखं काहीच नसतं. असतो तो जडपणा, तोही घड्याळाप्रमाणे. सकाळी उठल्यावर नसतो. दुपारी ओट्याशी उभं राहून, संध्याकाळी जिने चढून झाले की वाढतो. आडवं पडलं की उतरतो. दिवसभरातला हा चढउतार फार बोलका असतो. पुढे अंघोळीच्या वेळी हाताला मऊसर गोळा लागतो, बसताना अंड्यावर बसल्यासारखं वाटतं, आतले कपडे घासतात. लघवीची धार बारीक होते, पुढे वाकल्याशिवाय नीट होत नाही. शौचाच्या वेळी बोटाने योनीची मागची भिंत दाबून धरावी लागते, हे तर बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. पण हे विचारणं डॉक्टरांच्या नेहमीच्या प्रश्नांपैकी आहे आणि ऐकून त्यांना नवल वाटत नाही. अनेकजणी हे करत असतात.

न सांगण्याची किंमत किती मोठी आहे, ते गडचिरोलीने दाखवलं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार निघाला आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तो अभ्यास सगळ्याच स्त्रीरोगांचा होता, केवळ या स्नायूंचा नव्हे. तरीही त्या दोन आकड्यांमधलं अंतर आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतं.

अंग बाहेर येण्यावर मुंबईत जे काम झालं त्याचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर जगभर ओळखले जातात ते गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या टाक्यामुळे. पण ज्या तरुण बायकांना अजून मूल हवं आहे त्यांचं गर्भाशय न काढता पट्टीने वर बांधून घ्यायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावावर आहे. अशीच एक पद्धत मुंबईच्या डॉ. पुरंदरे यांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आहे. हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला फार सहज दिला जातो आणि त्याहून सहज घेतला जातो. पिशवी खाली येते ती झोळी सैल झाल्यामुळे. पिशवी काढली म्हणून झोळी घट्ट होत नाही. काही जणींना नंतर योनीमार्गाचा वरचा भागच खाली उतरतो. कधीकधी पिशवी काढणं योग्यही असतं, पण तो निर्णय आधार कसा परत द्यायचा या प्रश्नासकट व्हायला हवा. शस्त्रक्रिया नको असेल किंवा झेपणार नसेल, तर सिलिकॉनची रिंग बसवता येते. ठरावीक दिवसांनी ती काढून धुवायची, तपासून घ्यायची, पुन्हा बसवायची. कल्पना फार जुनी आहे: प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांत या कामासाठी अर्धं डाळिंब वापरल्याचा उल्लेख सापडतो. त्यामानाने आजची रिंग म्हणजे चैनच.

मागच्या वाटेची लक्षणं सगळ्यांत जास्त लपवली जातात. गॅस अडवता न येणं, कपड्याला डाग लागणं, शौचाची भावना होताच धावावं लागणं. यामागे पुष्कळदा बाळंतपणातली जखम असते. बाळ बाहेर येताना चीर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली असेल आणि ती नीट शिवली गेली नसेल किंवा नीट भरली नसेल, तर त्रास लगेच दिसू शकतो, किंवा वीस-पंचवीस वर्षं झाकलेला राहून पाळी गेल्यावर वर येतो. 'टाके किती पडले' हे बायकांना आठवतं; टाके कुठपर्यंत गेले होते ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बाळंतपणाचे कागद असतील तर जपून ठेवा आणि दाखवा.

इथपर्यंतचं सगळं सैल पडलेल्या तळाचं झालं. आता उलट बाजू. तिच्याबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण ती ओळखली जात नाही आणि चुकीच्या उपायाने चिघळते. हे स्नायू प्रमाणाबाहेर ताठही होतात. ज्याला खांदे वर चढवून, दात आवळून काम करायची सवय असते त्याची मान जशी दगडासारखी होते, तसा हा तळही होतो. मग लघवीला बसलं तरी धार सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, झाल्यावरही शिल्लक असल्यासारखं वाटतं. पुन:पुन्हा मूतखड्याची किंवा जंतुसंसर्गाची शंका येते आणि तपासात काही निघत नाही. संबंधांच्या वेळी दुखतं. काहींना तर प्रवेशच अशक्य होतो, आणि नवविवाहित जोडप्यांत याचा दोष भलत्याच ठिकाणी दिला जातो. माकडहाडाजवळ दुखतं, एका कुल्ल्यावर भार देऊन बसावं लागतं, ओटीपोटात खोल कुठेतरी सतत ओढ असते. कंबरेचे एमआरआय होतात, त्यांत वयानुसार काहीबाही निघतं, आणि त्यालाच धरून उपचार चालू राहतात.

बद्धकोष्ठाचा एक प्रकारही इथलाच. गुदाशयाला मागून वेटोळं घालून पुढे ओढून धरणारा एक स्नायू आहे. त्याच्यामुळे शौचाच्या नळीला कोन पडतो, आणि पाइपला घडी पडली की पाणी थांबतं तसं आतलं आत राहतं. उकिडवं बसलं की हा स्नायू सैलावतो आणि घडी उलगडते. आपल्या जुन्या संडासाची बैठक या हिशेबाने शहाणी होती. कमोड वापरणाऱ्याने पायाखाली बुटका पाट घेतला तरी बराच फरक पडतो. काही माणसांत मात्र जोर लावताच हा स्नायू सैल पडायच्या ऐवजी अधिक आवळला जातो. दार आतून ओढून धरायचं आणि बाहेरून ढकलायचं, असा प्रकार. मग अर्धा-अर्धा तास बसणं, दिवसातून तीनदा जाणं, तरी समाधान नाही. चूर्ण, इसबगोल, काढे यांनी मल मऊ होतो, पण दार उघडत नाही. अशा वेळी स्नायूला सैल पडायला शिकवावं लागतं, आणि तशी शिकवण्याची पद्धत आहे: यंत्राच्या पडद्यावर स्वतःच्याच स्नायूचा ताण बघत तो सोडायचा सराव करून घेतात.

ताठ तळाच्या माणसाने इंटरनेटवर पाहून आवळण्याचे व्यायाम सुरू केले तर काय होईल ते सांगायला नको. आधीच मूठ घट्ट आहे, तिला आणखी घट्ट करायला सांगितलं जातं. दुखणं वाढतं, 'व्यायामाने फायदा नाही' असा समज पक्का होतो. 'कीगल करा', म्हणजे हा तळ आवळण्याचा व्यायाम करा, हे सर्दीवर सुंठ सांगावी तितक्या सहजपणे सांगितलं जाऊ लागलंय, आणि त्याला माझा आक्षेप आहे.

पुरुषांचं थोडक्यात. 'बायकांचा आजार' म्हणून ते हे पान उलटतील, पण झोळी त्यांनाही आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी निसटणं सर्वांना माहीत असतं. त्याहून सामान्य तक्रार वेगळी: लघवी करून, चेन लावून दोन पावलं टाकली की थेंब पडून पँटला डाग. मूत्रमार्गाच्या खालच्या वळणात थोडी लघवी साठून राहते आणि ती बाहेर टाकणारा स्नायू आळसावलेला असतो. अंडकोशाच्या मागून पुढे बोटाने हलकेच दाबत आणलं तर ती निघून जाते, आणि तळाच्या व्यायामाने हा त्रास कमीही होतो. बसून बसून मांड्यांच्या मधल्या भागात दुखणं, वीर्यस्खलनानंतर दुखणं, ताठरता टिकवायला अडचण, यांतही या स्नायूंचा हात असू शकतो. वर्षानुवर्षं 'प्रोस्टेटला सूज' म्हणून अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी काहींचं खरं दुखणं ताठ तळाचं असतं.

कशामुळे होतं? बाळंतपण हे मोठं कारण. अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकावर प्रसूतीची प्रतिकृती करून मोजलं, तेव्हा बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा सगळ्यांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो असं दिसलं. इतका ताण शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या स्नायूला दिला तर तो फाटेल. हा बहुतेकदा सावरतो, तेच आश्चर्य. चिमटा लावून झालेली प्रसूती, मोठं बाळ, फार लांबलेल्या कळा, यांत धोका वाढतो. सिझेरियन झालेल्याही निर्धास्त नसतात, कारण नऊ महिन्यांचं वजन तळाने पेललेलंच असतं. पण बाळंतपण हे एकमेव कारण नाही. चुलीच्या धुराने किंवा बिडीने लागलेला जुना खोकला, रोजचं कुंथणं, डोक्यावर हंडे आणि विटा वाहणं, वाढलेलं वजन, पाळी जाताना कमी होणारं इस्ट्रोजेन, मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसा. मूल न झालेल्या, जिममध्ये श्वास रोखून जड वजनं उचलणाऱ्या तरुण मुलींनाही लघवी निसटते.

बाळंतिणीला आपण शेक देतो, डिंकाचे लाडू देतो, पोट बांधतो. पोट आवळून बांधण्याबद्दल एक शंका मात्र मनात येते: डबा मधून करकचून दाबला तर दाब खालीच जाणार. बांधायचंच असेल तर सैलसर, आधारापुरतं. आणि सव्वा महिना होऊन गेला, मालिशवाली बंद झाली, की बाळंतिणीच्या तळाची चौकशी कुणीच करत नाही. सगळे बाळाचं वजन विचारतात. सुरुवातीचे काही आठवडे थेंब निसटले तर घाबरू नये. तीन महिने उलटूनही निसटत असतील, तर 'होईल आपोआप' म्हणत बसू नये.

आता व्यायामाबद्दल. आर्नल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या व्यायामांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ 'आवळा' असं सांगितलं नव्हतं. आवळण्याचा जोर दाखवणारं एक यंत्र त्यांनी बनवलं होतं आणि बाई ते यंत्र वापरून सराव करीत असे. म्हणजे स्नायू सापडलाय की नाही याची खात्री आधी. काळाच्या ओघात यंत्र आणि खात्री दोन्ही गळून पडले, राहिलं फक्त नाव. १९९१ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितलं. जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं, आणि साधारण चौघींपैकी एक असं काही करत होती की ज्याने त्रास वाढलाच असता. तोंडी सल्ल्याची ही लायकी.

स्नायू शोधायचा तो असा. चारचौघांत गॅस सुटू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच. त्याच वेळी लघवीही अडवल्यासारखं करून सगळं वर, आत ओढायचं. आरशात पाहिलं तर गुदद्वार आत खेचलेलं दिसतं. बाहेर फुगलं तर तुम्ही उलटं करताय. श्वास अडला, कुल्ले उचलले, मांड्या जुळल्या, पोट फुगलं, तरी चुकलंच. लघवी करताना मध्येच धार थांबवून एखाददा ओळख पटवायला हरकत नाही, पण तो रोजचा व्यायाम करू नये. आवळण्याइतकंच पूर्ण सोडणं महत्त्वाचं. सोडल्यावर तळ खाली टेकल्यासारखा वाटला पाहिजे. या स्नायूत दोन्ही जातींचे तंतू असतात, दीर्घकाळ तग धरणारे आणि झटक्यात आवळणारे, म्हणून काही वेळा सावकाश मोजत आवळून धरायचं आणि काही वेळा पटापट आवळायचं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शिकेत एका वेळी किमान आठदा आवळणं, असं दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली, असं प्रमाण दिलेलं आहे. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडणाऱ्यांनी तो शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

एक युक्ती मात्र लवकर गुण देते. शिंक किंवा खोकला येणार असं कळताच आधी तळ आवळायचा, मग खोकायचं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सौम्य त्रास असलेल्या वयस्क स्त्रियांना हे शिकवलं, आणि आठवड्याभरातच खोकताना निसटणारी लघवी कमी झाल्याचं त्यांना दिसलं. स्नायू आठवड्यात बळकट होत नाही. वेळ साधता येते.

'आपल्याकडे मूलबंध आहेच की,' असं कुणीतरी म्हणणारच. आहे. हठयोगप्रदीपिकेत मूलबंध सांगितला आहे आणि त्यात गुदद्वाराजवळचा भाग आवळून वर खेचायचा असतो, म्हणजे स्नायू तेच. पण त्या ग्रंथाचा हेतू वेगळा होता, खोकताना लघवी निसटणाऱ्या बाईसाठी तो लिहिलेला नाही. ज्यांना तो चांगला जमतो त्यांना व्यायाम लवकर कळतो, एवढा लाभ नक्की. ताठ तळाच्या माणसाने मूलबंधही परस्पर करू नये.

दाखवायचं कुणाला? स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, पुरुषांनी मूत्ररोगतज्ज्ञ. शौचाच्या तक्रारीसाठी पोटविकारतज्ज्ञ किंवा गुदविकारांचे सर्जन. तळाच्या स्नायूंचं खास शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सापडतात, फक्त 'तुम्ही पेल्विक फ्लोअरचं काम करता का?' असं स्पष्ट विचारावं लागतं. तपासणी आतून, बोटाने होते. ती कशी होईल हे आधी विचारायचा आणि मध्येच 'थांबा' म्हणायचा हक्क तुमचा आहे. जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता किती पाणी-चहा घेतला, किती वेळा लघवी झाली, कधी निसटली आणि तेव्हा काय करत होता. घरातलं एखादं जुनं मापाचं भांडं लघवी मोजायला वेगळं काढलं तर फारच उत्तम. या एका कागदावरून पुष्कळ उलगडतं.

काही गोष्टींत मात्र नोंदी करत बसायचं नाही. लघवी अचानक पूर्ण तुंबली. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतली बाजू आणि बसायची जागा बधिर झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा एकाएकी गेला. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं, कारण मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या असू शकतात. लघवीतून किंवा शौचातून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, बाहेर आलेलं अंग आत न जाणं किंवा त्यावर जखम होणं, यांसाठीही वाट पाहू नये.

बाकी सगळ्यांची अडचण पहिल्या वाक्यापाशी असते. आत गेल्यावर बीपी, शुगर, गुडघे यांचं बोलणं होतं, आणि दाराशी परत वळताना 'आणखी एक होतं, पण जाऊ दे' असं म्हणून बाई बाहेर पडते. तेव्हा पुढच्या वेळी गुडघ्यांआधी हे एक वाक्य बोला: "डॉक्टर, खोकताना लघवी निसटते." किंवा "संध्याकाळी खाली जड वाटतं." किंवा "संडास झाल्यासारखं वाटतच नाही." पुढचे प्रश्न विचारणं त्यांचं काम आहे.